शेवंता सिस्टरचा शंभरावा पक्षी

सोनखांबमध्ये एका जातीचा पक्षी दिवसाला एकाच माणसाला दिसतो. सकाळी ज्याने आधी बुलबुल पाहिला, त्याचेच त्या दिवशी गावातले सगळे बुलबुल; बाकीच्यांना ते सूर्य मावळेपर्यंत नुसते ऐकू येतात. लग्न होऊन आलेली सून सुरुवातीला बिचकते, पण महिनाभरात तीही चहा गाळता गाळता विचारू लागते, "आज चिमण्या कोणाकडं गेल्या?"

अशा गावात एका दिवसात शंभर जातींचे पक्षी पाहायचा ध्यास शेवंताबाई लांजेवारांनी घेतला होता. शेवंताबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनीच या जगात ओढून काढलं होतं, त्यामुळे गाव त्यांना सिस्टर म्हणे आणि थोडं घाबरेही. पण शंभर काही होत नव्हते. कधी हळद्या पोस्टमनने पाहिलेला असे, कधी खंड्या धुणं धुणाऱ्या बाया घेऊन जात. आणि सगळं जमून आलं, तरी कावळा उरेच. कावळा दौलतराव हटवारांचा होता.

दौलतराव पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ओसरीवर बसत आणि फटफटताच कावळा पाहून घेत. चाळीस वर्षं सोनखांबात दुसऱ्या कोणी कावळा पाहिला नव्हता. शाळेतली पोरं तो चित्रावरून ओळखत. सिस्टर एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गेल्या होत्या.

"एक दिवस झोपून राहा ना, दौलतराव. तुमचं काय जाते?"

"कावळा जाते," दौलतराव म्हणाले. "माह्या दहाव्याले येजा. तवा घेऊन जाजा."

माघात दौलतराव गेले तेव्हा सिस्टरना मनापासून वाईट वाटलं. गावात त्यांच्याशी भांडणारा तेवढा एकच माणूस होता. त्या रडल्या, आणि पदराने डोळे पुसता पुसता त्यांनी दहावा दिवस कधी येतो ते बोटांवर मोजलं. तलावावर थंडीचे पाहुणे अजून मुक्कामाला होते. दिवस चांगला होता.

नगराध्यक्ष नलूताई कापगते यांनी खास सभा बोलावली. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कोणत्याही नागरिकाने कोणताही पक्षी पाहू नये, असा ठराव मांडला गेला. गुराखी बाजीराव लगेच उठला.

"म्हशीकडं पाह्यलं का बगळा दिसतेच जी. तो तिच्यावरच बसून रायते."

"म्हशीच्या पायांकडं पाहा," नलूताई म्हणाल्या.

"तिथंबी असते."

बरीच चर्चा होऊन असं ठरलं की बाजीरावने डोळ्यांना पट्टी बांधावी आणि म्हशींनी त्याला घरी आणावं. मग दौलतरावांचा मुलगा मोरेश्वर उभा राहिला.

"बाबाच्या पिंडाले कावळा शिवला का नाई, ते आमाले दिसाले नोको?"

प्रश्न रास्त होता. घरच्यांनी कावळा पाहिला तर सिस्टरचा गेला, सिस्टरनी पाहिला तर घरच्यांचा. सगळ्यांनी गावातले विधी करणाऱ्या पाठक महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि निर्णय दिला. स्पर्श झाला पाहिजे, हे खरं. पण तो बघणारा घरचाच असावा असं कुठे सांगितलेलं नाही. साक्षीदार नेमता येईल.

"मंग चाल्ते," मोरेश्वर म्हणाला. "मले पयल्यांदा सिस्टरनंच पाह्यलं होतं. बाबाले शेवटी त्यायनंच पाहू द्या."

सिस्टरना गहिवरून आलं. ते लपवायला त्यांनी पिंड जरा उशिरा ठेवायला सांगितलं, कारण कावळा आता हातचा होता आणि हातचं शेवटी घ्यावं असं त्यांना वाटलं.

दहाव्या दिवशी गाव मान खाली घालून वागलं. शाळा खिडक्या लावून भरली. न्हाव्याने गिऱ्हाइकाची आणि स्वतःची मान एकाच दिशेला वाकवली. तहसील कचेरीतल्या कारकुनाला चुकून हुदहुद दिसला, तर तो रडकुंडीला येऊन सिस्टरना शोधत तलावावर आला; सिस्टरनी त्याला पाणी पाजलं आणि हुदहुदच्या जागी ढोलीतला पिंगळा धरला. सारसाची जोडी त्यांना एकटीला दिसली. नकटा, अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, सगळं पाणी आज त्यांच्या मालकीचं होतं. इतकं सुख आपल्याला एकटीलाच, या विचाराने त्यांना दोनदा लाज वाटली. उन्हं उतरली तेव्हा त्या नव्व्याण्णववर होत्या.

घाटावर हटवारांचं घर डोळे मिटून बसलं होतं. नलूताईही आल्या होत्या, त्यांनी डोळ्यांवर फाईल धरली होती. मोरेश्वरने चाचपडत पिंड ठेवला. सिस्टर समोर बसल्या.

वरच्या फांदीवर "काव" झालं. सिस्टरनी वर पाहिलं. फांदी हलत होती. तिच्यावर कोणी नव्हतं.

"आला का?" मोरेश्वरने विचारलं.

पंखांची फडफड खाली उतरली. पिंडाचा एक तुकडा तुटला, हवेत वर गेला आणि नाहीसा झाला. मग दुसरा तुकडा.

"डोळे उघडा," सिस्टर म्हणाल्या.

"अवो, पण तुमचा कावळा?"

"उघडा म्हणते ना. तुमच्या बाबानं आधीच पाह्यला आज."

सगळ्यांनी डोळे उघडले. पिंड भराभर कमी होत होता आणि आसपास एकही कावळा नव्हता. मोरेश्वरचे डोळे भरून आले. "उठले असन पहाटे," तो म्हणाला, "सवयच होती." पाठक महाराजांनी स्पर्श झाल्याचं जाहीर केलं. हटवारांच्या घरी इतक्या लवकर पिंड शिवल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

सिस्टरना मात्र संताप आला. एकच हवा होता. अख्खं गाव मान मोडून घेतं आणि मेलेला माणूस शब्दाला जागत नाही! त्या फांदीकडे बघून म्हणाल्या, "लाज वाटत नाही का, दौलतराव?"

वरून "काव" झालं. ते इतकं ओळखीचं, इतकं खवट होतं की सिस्टरना हसू फुटलं. दहा दिवसांत त्या पहिल्यांदा अशा हसल्या.

"काय जाहीर करू?" नलूताईंनी विचारलं.

"माझे नव्व्याण्णव. कावळा दौलतराव हटवारांचा. आणि हाच ठराव उद्यासाठी पुन्हा घ्या. आज रात्री मी झोपतच नाही."

नलूताईंनी तिथेच सभा घेतली. बाजीरावही पट्टी बांधून हजर होता, म्हशींनी त्याला घाटावरच आणून सोडलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. विरोधात एक मत पडलं. ते फांदीवरून आलं होतं आणि मतदार दिसत नसल्यामुळे नलूताईंनी ते आवाजी धरलं. ठराव मंजूर झाला.