ढगातल्या गोदामाचं भाडं

आमच्या गल्लीतले गंगाधरकाका घराबाहेर पडताना कुलपाचा फोटो काढतात. दूध आणायला निघाले तरी फोटो, दाढी करायला निघाले तरी फोटो. आधी कुलूप लावायचं, तीनदा ओढून बघायचं, मग एक पाऊल मागे सरून, चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा मिटून फोटो. वाटेत कुणी मुद्दाम विचारलं, "काका, कुलूप लावलं का?" तर ते चिडत नाहीत. खिशातून फोन काढून पुरावा दाखवतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मानवतच्या एका धान्याच्या गोदामावर त्यांनी सगळी हयात गोदामकीपर म्हणून काढली. तिथे संध्याकाळी कुलूप लावलं की त्यावर सही-तारखेची कागदी पट्टी चिकटवायची पद्धत होती. सकाळी पट्टी शाबूत तर माल शाबूत. रिटायर झाल्यावर काकांनी ही पद्धत घराला लावली. पण पट्टी पिठाच्या खळीने चिकटवलेली, आणि गल्लीत शेळ्या. काका बाजारातून परत येईपर्यंत शेळ्या सही-तारखेसकट पट्टी खाऊन मोकळ्या व्हायच्या. पुढे मुलाने पुण्याहून फोन पाठवला आणि पट्टीची जागा फोटोने घेतली.

नोकरी सुटली तरी गोदाम त्यांच्या तोंडातून सुटलं नाही. "आवक किती, जावक किती?" हा त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न. लग्नात गेले की जेवणाऱ्यांच्या पंगतीबद्दल हेच विचारतात. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात येऊन त्यांनी "मास्तर, झाली का आवक?" असं विचारलं होतं, आणि नर्स बराच वेळ आमच्या दोघांकडे बघत राहिली होती.

काकू इथे नसतात. मुलाला मुलगा झाला तेव्हा त्या तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या. नातू आता शाळेत जातो आणि काकूंचे तीन महिने अजून चालूच आहेत. मुलगा-सून दोघं नोकरीवर, पोराला कोण बघणार? काकांनी तिकडे जावं तर घर दोन खोल्यांचं. काका आठवडाभर राहून आले आणि म्हणाले, "तिथं खिडकीतून बगितलं की दुसऱ्याची खिडकी दिसती. आपल्याला न्हाई जमत."

तर एका रविवारी सकाळी काका जुन्या कॅलेंडरचं भेंडोळं काखेत मारून आमच्याकडे आले.

"मास्तर, लय पेच पडलाय. तुमी गणिताचे. तुमीच सोडवा."

पेच असा होता. फोन भरला होता. फोन भरल्यावर काकांनी गोदामाचा नियम लावला. गोदामात जो माल आधी आला तो आधी बाहेर काढतात, नाहीतर जुन्या मालाला कीड लागते. काकांनी बसून जुन्यातले जुने हजारभर फोटो काढून टाकले. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की हे फोटो जायला नको होते. कुणीतरी सांगितलं, पुसलेले फोटो कचरापेटीत महिनाभर पडून असतात. परत घ्यायला गेले तर फोन म्हणाला जागा नाही, जागा भाड्याने घ्या. यात बरेच दिवस गेले होते आणि आता नऊच उरले होते.

"कसले फोटो आहेत काका?"

"जुना माल हाय," काका म्हणाले. "तुमी भाड्याचं बगा."

आमची ही चहा घेऊन आली. तिने साधी गोष्ट सुचवली. "काका, रोजचे कुलपाचे फोटो पुसून टाका की. आपोआप जागा होईल."

"ताजा माल आधी काढत न्हाईत पोरी. नियम हाय."

"पण जुना तर तुम्ही काढलाच आहे!"

काकांनी चहा बशीत ओतला. त्यांना नियम सोडवत नव्हता आणि माल तर परत हवा होता. मला त्या वेळी ते फक्त हट्टी वाटले.

कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता आखून आणला होता. आडव्या ओळीत कंपन्या. नावं इंग्रजी, म्हणून काकांनी एक नंबर गोदाम, दोन नंबर गोदाम, तीन नंबर गोदाम असं लिहिलं होतं. उभे रकाने तीन. एकटा, कुटुंब, धंदा. मी मनात म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. पंचवीस वर्षं गणित शिकवतोय, त्रैराशिकाला कोण घाबरतो?

"आधी सांगा, एक जीबी म्हंजे किती?"

"काका, ते वजन नाही."

"मंग भाडं कशावर लावतेत?"

"म्हणजे... जागेवर."

"जागा कुठं हाय?"

"ढगात, असं म्हणतात."

"गोदामाला पत्ता न्हाई, छप्पर न्हाई, आन् माल ठिवा म्हणायलेत," काका म्हणाले. "चावी कुणाकडं असती?" मी सांगितलं, चावी आपल्याकडेच, तिला पासवर्ड म्हणतात. त्यावर त्यांचं थोडं समाधान झालं. मग मी एक टीबी म्हणजे एक हजार चोवीस जीबी असं सांगायची चूक केली. ते लगेच म्हणाले, "वरचे चोवीस कशाचे? कडता हाय का?" व्यापारी पोत्यामागे थोडं वजन कापून घेतात, त्याला आमच्याकडे कडता म्हणतात. चोवीस कशाचे हे मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही. कंपन्याही म्हणे कधी हजार धरतात, कधी हजार चोवीस.

अर्ध्या तासाचं काम चार संध्याकाळी पुरलं. एक नंबरवाला एकट्याला शंभर जीबी देतो, महिन्याला एकशे तीस रुपये. वर्षाचे एकदम भरले तर स्वस्त. पण त्याच्या कुटुंबाच्या भाड्यात सहा जणांना मिळून एकच मोठी जागा. दोन नंबरवाला सहा जणांना सहा वेगळ्या खोल्या देतो, वर पत्र लिहायचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. ते काकांना नको होतं, पण ते सोडून भाडं कमी करा म्हटलं तर करत नाही. तीन नंबरवाल्याचा भाव डॉलरमध्ये, आणि खाली बारीक अक्षरात कर वेगळा. सगळ्यांचा पहिला महिना फुकट किंवा नावाला.

"फुकट ठिवून घेतो म्हणला की समजायचं, मालाचं काय खरं न्हाई," काकांनी तिथे फुली मारली.

धंद्याचा रकाना वाचताना मात्र ते एकदम सावरून बसले. धंद्यात माणशी भाडं. पण नोकर सोडून गेला तरी त्याचा सगळा माल मालकाकडेच राहतो, असं तिथे लिहिलं होतं.

"हे बेस हाय. माणूस गेलं तरी माल राहतो. आपून धंदाच घिऊ."

"काका, कमीत कमी तीन माणसं लागतात. आणि धंदा कसला दाखवायचा?"

"तुमी, मी..." काका बोटांवर मोजायला लागले आणि तिसऱ्या बोटावर अडकले. मग हात खाली घेऊन म्हणाले, "जाऊ द्या."

पाचव्या दिवशी मी शाळेत नववीच्या फळ्यावर नफा-तोट्याच्या उदाहरणात टीबी लिहिला. पोरं हसली. रात्री झोपेत मी माणशी भागिले महिना असं काहीतरी पुटपुटलो, अशी घरात तक्रार झाली. खरं सांगायचं तर मला काहीच समजेनासं झालं होतं. जीबीमागे भाडं काढलं की एक गोदाम स्वस्त, माणसामागे काढलं की दुसरं, वर्षामागे काढलं की तिसरंच. तक्त्यात खाडाखोड इतकी झाली, की कॅलेंडरच्या पुढच्या बाजूचा मार्च महिना मागे दिसायला लागला.

त्यातच काकांनी स्वतः एक भागाकार केला. एक नंबरच्या कुटुंबाचे साडेसहाशे, त्याला सहाने भागलं. मग ते एकशे तीसच्या आकड्याकडे बघत बसले.

"मास्तर, सहा जणांत ऱ्हायलं तर माणशी एकशे आठ. आन् एकट्याला एकशे तीस."

"हो. वर जागाही जास्त."

"म्हंजे एकटं ऱ्हाणं महाग हाय," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत, हे मला रात्री झोपताना आठवलं.

दोन दिवस उरले. आता मी वैतागलो होतो. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, "काका, माल किती आहे ते बघितल्याशिवाय जागा किती घ्यायची हे कळणार नाही. दाखवा ती कचरापेटी." त्यांनी नको-नको केलं, मग फोन माझ्या हातात दिला आणि कंदिलाची काच पुसावी तसा चष्मा पुसत बसले.

मी पेटी उघडली. कुलूप. खाली सरकवलं. कुलूप. आणखी खाली. कुलूपच. एका कुलपासाठी मी आठवडाभर डोकं फोडून घेतलं होतं! बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला तो हात दिसला.

प्रत्येक फोटोत कुलूप धरलेला एक हात होता. हिरव्या बांगड्यांचा, अंगठ्याला विळीचा जुना वण असलेला. काही फोटोंत बोटांना हळद, काहींत ओलं पीठ. एका फोटोत संक्रांतीच्या नव्या बांगड्या होत्या, दुसऱ्यात करंगळीला चिंधी बांधलेली होती.

"तीनदा वढलं की कुलूप हलत ऱ्हायचं," काका म्हणाले. "फोटो नीट येत नव्हता. तवा ती म्हणायची, थांबा, मी धरते. तिला स्वतःचा फोटो काढलेला आवडत न्हाई. फोन वर केला की पदर तोंडावर. आधार कार्डावरचा सोडला तर तिचा एक फोटो न्हाई माझ्याकडं. हे एवढेच हायेत."

मी ताजे फोटो बघितले. चार वर्षांची नुसती कुलपं. बाजूला कुणाचा हात नाही. निरोपांचं पान उघडलं तर प्रत्येक फोटो काकूंना पाठवलेला, आणि प्रत्येकाखाली काकूंचं उत्तर, "बरं." दिवसातून दोनदा, तीनदा, "बरं." नवराबायकोचं दिवसभराचं बोलणं तेवढंच. काकूंचा जीव घरात अडकलेला आणि काकांचा त्या "बरं"मध्ये. ताजा माल का पुसायचा नाही, हे मला तेव्हा कळलं.

"नियम लावला मास्तर," काका हळूच म्हणाले. "जुना माल आधी बाहेर. हात त्यातच होता, ध्येनातच आलं न्हाई."

मी म्हटलं, शंभर जीबी भरपूर होतात, एकट्याचं घेऊ, एकशे तीसमध्ये काम होतंय. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"एकटा लिवू नका. कुटुंब घ्या."

"काका, दोघांत माणशी सव्वातीनशे पडतील! तुम्हीच भागाकार केलाय."

"पडू द्या."

कुटुंब घेतलं. कुटुंबात माणूस घालायचं तर त्याला निमंत्रण जातं आणि त्याने हो म्हणावं लागतं. निमंत्रण पुण्याला गेलं आणि दोन मिनिटांत काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"अवो, कायतरी आलंय. कुटुंबात येता का, इचारायलंय. दाबू का?"

"दाब."

"पैसे कटतील का?"

"माझे कटतेत. तू दाब."

"दाबलं बगा," काकू म्हणाल्या, आणि मागून नातवाचं रडणं ऐकू आलं म्हणून फोन ठेवला. पडद्यावर काकांच्या नावाखाली त्यांचं नाव आलं. चार जागा रिकाम्या राहिल्या. मग मी कचरापेटीतले सगळे फोटो निवडले आणि परत घ्यायचं बटण दाबलं. एकेक हात फोनमध्ये परत यायला लागला. काका वाकून मोजत होते. शेवटचा आल्यावर म्हणाले, "आवक पुरी."

कुठलं गोदाम खरोखर स्वस्त, हे विचाराल तर मला अजून सांगता येणार नाही. कॅलेंडर आमच्या माळ्यावर आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर काका दारात थांबलेले. भाजीची पिशवी खांद्याला. कुलूप लावून झालं होतं, तीनदा ओढूनही झालं होतं आणि ते हलत होतं.

"मास्तर, जरा धरता का?"

मी कुलूप धरलं. काकांनी एक पाऊल मागे सरून, चष्मा चढवून, एक डोळा मिटून फोटो काढला आणि पाठवला. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचलो नव्हतो तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, थांबले, परत वाचलं आणि मग फोन माझ्यापुढे धरला. चार वर्षांत पहिल्यांदा काकूंनी "बरं" लिहिलं नव्हतं.

"हात कुणाचा हाय?"

काका भाजी आणायला गेलेच नाहीत. परत फिरले, आपल्याच बंद दारासमोर पायरीवर बसले आणि एका बोटाने लिहायला लागले. मी म्हटलं, काका, मास्तरचा आहे एवढं लिहा, झालं. तर मान वर न करता म्हणाले, "तुमी जावा शाळंला. मला लय लिवायचंय."