गुरुवारचा समुद्र

एसटीतून उतरताना माणसं पिशवी सांभाळतात, चप्पल चाचपतात, मागून ढकलणाऱ्याचा उद्धार करतात. आमचे नामदेव ढगे उतरण्याआधी सीटचा चार्ज देतात.

म्हणजे असं की, कारखान्यात शिफ्ट बदलताना आपल्या जागी येणाऱ्या माणसाला मशीनची तब्येत सांगून मगच निघायचं असतं. याला आम्ही चार्ज देणं म्हणतो, आणि येणाऱ्याला रिलीव्हर. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत हे सगळेच करतात आणि गेटबाहेर पडलं की विसरतात. ढगे विसरत नाहीत. त्यांच्या सीटवर कोणी टेकू लागला की ते हात आडवा घालतात.

"थांबा भाऊ. काच अडकते, डावीकडं दाबून ओढा. खाली पत्र्याचं टोक हाय, पँट सांभाळा. मागच्या ताईंना मळमळायलंय, त्यांना पिशवी दिलेली हाय. काही डाउट?"

तो बिचारा दचकून "नाही साहेब" म्हणतो. मग ढगे त्याच्याशी हात मिळवतात आणि उतरायला वळतात. तोवर गाडी पुढच्या थांब्याला लागलेली असते. न्हाव्याच्या खुर्चीतून उठताना त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला "वस्तरा आज जरा ओढतोय" असा चार्ज दिला, तेव्हापासून संत तुकाराम नगरातल्या एका सलूनमध्ये त्यांचं स्वागत होत नाही.

मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर आहे आणि त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. माझीही एक ख्याती आहे. ज्या गोष्टीची चौकशी मी करतो ती गोष्ट बोंबलते. मेव्हण्याच्या लग्नाला मी सबंध वऱ्हाड चुकीच्या मंगल कार्यालयात नेलं होतं. तिथे आम्ही नाश्ता करून घेतला, मग कळलं.

तर अशा मला एकदा कँटीनमध्ये ढगे म्हणाले, "समुद्र काय आपण बघितला नाही बुवा." चोपन्न वर्षांचा माणूस, लातूरकडून इथे येऊन तीस वर्षं झालेली, आणि घाटाखाली कधी उतरला नाही! मी ताटातलं वरण सांडत म्हणालो, "चला की मग अलिबागला. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

"आणि रिलीव्हर?"

इथे ढग्यांचं घर सांगायला हवं. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी सासरी, नागपूरला. घरी ऐंशी पार केलेली आई. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, ढगेसुद्धा. दिवसा सांभाळायला एक बाई येतात, त्या सहाला जातात. आजी संध्याकाळी बरोब्बर सातला जेवतात, आणि ते फक्त ढग्यांच्या हातून. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड मिटून घेतात आणि उपाशी झोपतात. म्हणून चार वर्षं ढग्यांनी हातापाया पडून फर्स्ट शिफ्टच मागून घेतली आहे. लग्न नाही, सहल नाही, सातला घरी.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "भाऊजी, सहा ते सात मी बसते आजींजवळ. सातच्या आत या म्हणजे झालं."

निघण्याच्या आदल्या दिवशी ढग्यांनी तिला आईचा चार्ज दिला. पाऊण तास! कुठल्या कुशीवर झोपते, पाणी कुठल्या भांड्यातून पिते, पंखा कितीवर. सुनंदाने वहीत लिहून घेतलं. तिने माझा इतका अभ्यास कधी केला नाही.

परतीच्या गाडीची चौकशी अर्थातच माझ्याकडे होती. मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "थेट गाडी दुपारी अडीचला. सुट्टीच्या दिवशी असते." वा! आम्ही सुट्टीच्याच दिवशी तर निघालो होतो. गुरुवारी.

पहाटेच्या गाडीने वल्लभनगरहून निघालो आणि दहाच्या आत वाळूत. ढग्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातात घेतल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. लाट यायची, पायाखालची वाळू ओढून न्यायची, ते खाली बघायचे आणि पुन्हा समोर. तासभर हेच. मी म्हटलं, आपण जाणकार आहोत, जरा पुढे जाऊन दाखवू. समुद्राकडे पाठ केली आणि "असं उभं राहायचं असतं" म्हणतोय तोच मागून आलेल्या लाटेने मला बसवलं, फिरवलं आणि ढग्यांच्या पायाशी आणून ठेवलं. ढगे हसले. इतके हसले की तेही खाली बसले. बारा वर्षांच्या ओळखीत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

निघताना आमच्या जागेवर एक नवं जोडपं आलं. "थांबा भाऊ. हितं खड्डा हाय, ह्ये साहेब पडून गेलेत. तिकडं खेकडा हाय. पाणी वाढायलंय. काही डाउट?" मुलगी नवऱ्यामागे लपली.

सव्वादोनला स्टँडवर पोचलो. अडीच वाजले, पावणेतीन वाजले. खिडकीत विचारलं.

"ती गाडी सुट्टीच्या दिवशी असते."

"आज सुट्टीच आहे ना!"

"कुणाची?"

"म्हणजे... गुरुवार आहे ना आज."

त्या गृहस्थांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या जगाला रविवारी सुट्टी असते आणि गुरुवारची सुट्टी फक्त आमच्या एमआयडीसीच्या पट्ट्यात, ही गोष्ट इथे वीस वर्षं काढल्यावर माणूस विसरूनच जातो. मी तर कॅलेंडरमध्येही गुरुवार लाल शोधतो.

ढगे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं घड्याळ बघत राहिले. पेणपर्यंत उभ्याने, पेणहून खोपोली, खोपोलीहून लोणावळ्याची गाडी. ढग्यांनी एकाही सीटचा चार्ज दिला नाही. घाट चढताना सात वाजले.

सातला पाच कमी असल्यापासून मी सुनंदाला फोन लावत होतो. रेंज आली ती सव्वासातला. माझा फोन लाटेत माझ्याबरोबरच बसला होता. कानाच्या जागी वाळू गेलेली, त्यामुळे फक्त स्पीकरवर बोलायचा. सुनंदाचा आवाज सगळ्या गाडीभर गेला.

"अहो, आजी तोंडच उघडत नाहीत! दादा आल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. हे दादा कोण?"

मी ढग्यांकडे पाहिलं. पाऊण तासाच्या चार्जमधून त्यांनी ही एक गोष्ट वगळली होती. ते कानापर्यंत लाल झाले. "मामा," ते हळूच म्हणाले, "आईचा मोठा भाऊ, तिला 'गये' म्हणायचे. मामा वारून लई वर्षं झाली. आई मला मामाच समजती. सात वाजता मी... दादा व्हतो."

मग त्यांनी फोन घेतला, सुनंदाला तिचा आजींच्या कानाशी धरायला सांगितलं. सगळी गाडी बघत होती. त्यांनी घसा खाकरला आणि एका जाड, गावाकडच्या, हुकमी आवाजात म्हणाले, "गये! आगं जेव की. गाडी लेट हाय माझी."

"दादा?" फोनमधून बारीक आवाज आला. "कुठंस तू?"

"समुद्रावर गेलतो."

"समुद्रावर!" "मग आमच्या नामदेवला का न्हेलं नाहीस? लेकरू कुठंच जात नाही बघ माझं. सारखं काम, सारखं काम. कुणी न्हेतबी नाही त्याला."

कंडक्टरने तिकिटं द्यायची थांबवली होती. ढगे खिडकीकडे तोंड करून बसले. जाड आवाज एकदा फाटला, पण त्यांनी तो सावरला.

"न्हेलतं की, गये. आजच न्हेलतं त्याला."

"हसलं का?"

"लई हसलं."

"बरं केलंस," आजी म्हणाल्या. मग सुनंदाला म्हणाल्या, "दे बाई आता घास."

ते 'बरं केलंस' मामांना होतं, मला ठाऊक आहे. मी तर गाडी चुकवणारा माणूस. तरी त्यातला एक तुकडा मी गुपचूप घेऊन ठेवला आहे. आयुष्यात इतक्या चौकशा केल्या, पण बरं केलंस असं मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही.