शून्य इंच खोल

माती खात्यानं एका बाईचं शेत मारलं. चोरलं नाही, बुडवलं नाही. तुडवून मारलं, आणि वर त्याला मदत म्हटलं. हा आरोप खात्यानं पाहिजे त्या वहीत नोंदवून घ्यावा.

आक्काचं शेत गाजरांचं. मागच्या हंगामात काढणीला खात्यानं मोठ्या मनानं यंत्र धाडलं, एकोणीस टनांचं. ओल्या रानात ते दिवसभर हुंदडलं. त्यानंतरची गाजरं निघाली ती कोपरात मुडपलेल्या हातासारखी. खाली जायला वाटच नाही म्हटल्यावर बिचारी आडवी वळली. पाणी सोडलं तर मुरायचं नाव नाही. आक्काचं तोंड बघत वरच उभं. आता पेरणीला पंधरा दिवस उरले होते. हेही पीक गेलं, तर शेत सोडून जावयाच्या घरी जाऊन बसायचं. आणि जावई तर दिवसभर सल्ले देणारा!

तिनं अर्ज केला. तपासनीस लोखंडी सळई घेऊन आला. सळई किती आत जाते त्यावरून माती किती घट्ट ते ठरतं. त्यानं जोर लावला, मग सळईला लोंबकळला. सळई वाकली.

"शून्य इंच. लिहा," आक्का म्हणाली.

"शून्य चालत नाही, आक्का. शून्य म्हणजे तपासणी झालीच नाही."

"मग ही सळई काय लाजून वाकली?"

"सळई वाकल्याचा रकाना नाही."

निदान एक इंच तरी भरावा म्हणून खात्यानं सळई दाबणारं यंत्र धाडलं, सव्वीस टनांचं. सळई नेमकी कुठे रोवायची यावर साहेबांचं एकमत होईपर्यंत त्यानं शेतात अकरा चकरा मारल्या. मग सळई मोडली, आणि तिच्यासकट यंत्रही. मोडकं यंत्र न्यायला क्रेन आली, आणि क्रेन रुतू नये म्हणून तिच्याआधी रोडरोलर फिरला.

"आता इथं काय पेरू, डोंबल?"

"पेरा की. फक्त हलक्या पावलांनी चाला," तपासनीस गंभीर होऊन म्हणाला. "पायाखाली माती दबते. खात्याचं पत्रकच आहे तसं."

चौथ्या दिवशी शेतावरून पहिली मोटार गेली. आठवड्यात रांग लागली. रस्तेवाल्यांनी पाहणी केली. एकही खड्डा सापडेना, तेव्हा घाबरून दोनदा केली. मग रस्ता आपलाच म्हणून जाहीर करून टाकला. आक्का कुदळ घेऊन गेली, तर हातात नोटीस: सार्वजनिक रस्ता उकरल्याबद्दल.

मातीवाले म्हणतात, रस्ता आमच्याकडे येत नाही. रस्तेवाले म्हणतात, गाजरं आमच्याकडे येत नाहीत.

तेव्हापासून ती बियाण्याची पिशवी घेऊन कडेला उभी असते, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करते. परवा तुमचीही गाडी गेली. तुम्ही काच खाली केली नाहीत. "वा, पोटातलं पाणी हलत नाही!" एवढंच म्हणालात.

पेरणीला दोन दिवस उरलेत. गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि तिच्या तोंडावर सांगा: बी टाकायचं कुठे?