कानामागून आलं आणि तिखट झालं

"हा व्हिडिओ बघून जो रडणार नाही तो माणूस नव्हे, दगड!" खोलूभाऊने तोंडातला ब्रशही न काढता जाहीर केलं.

खोलूभाऊ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. नव्या फोनचं, घड्याळाचं नाहीतर स्पीकरचं खोकं कॅमेऱ्यासमोर धरायचं, "चला, खोलूया!" अशी आरोळी ठोकायची आणि मग त्या वस्तूची चारचौघांत लाज काढायची, हा त्याचा धंदा. लोक पाकीट उघडण्याआधी त्याचा व्हिडिओ उघडत. त्याने नाक मुरडलं की कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळे. आपलं मत आजवर एकदाही चुकलेलं नाही, हे तो दर व्हिडिओत एकदा सांगायचा आणि घरी दर जेवणाला.

या खेपेला एका कंपनीने कानाचं मशीन पाठवलं होतं. आणि खोलूभाऊच्या घरात, कंपनीच्या सुदैवाने, एक बहिरा सासरा तयार होता!

"अप्पांच्या कानाला मशीन लावायचं. लाईव्ह! इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदा आपला आवाज ऐकणार. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी रुमाल पुढे करणार..."

"अप्पा रडणाऱ्यातले नाहीत," बायको म्हणाली. त्याचे व्हिडिओ शूट करणं, कापणं, जोडणं आणि त्यातला फुकटचा फुगारा काढणं ही सगळी कामं तिची. "माझ्या लग्नात सगळे रडत होते, तेव्हा अप्पा गाडीचं पंक्चर काढत होते."

"मशीन लागू दे, मग बघ!"

अप्पांचा जन्म छापखान्यात गेला होता. तिथल्या यंत्रांनी पोट भरलं आणि कान खाल्ले. बायको गेल्यावर ते धाकट्या लेकीकडे राहायला आले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं, त्यामुळे घरातलं त्यांच्याशी होणारं बोलणं आटत आटत तीन शब्दांवर आलं होतं. 'जेवण', 'औषध' आणि 'दार'!

सकाळीच खोलूभाऊ मशीन घेऊन त्यांच्यासमोर बसला.

"अप्पा, हे कानात घालायचं!"

"दुकानात? आत्ता कशाला दुकानात?"

"कानात! ऐकू येईल!"

"विकू? मी काय विकणार, जावईबापू?"

शेवटी बोलणं सोडून त्याने सरळ मशीन त्यांच्या कानांमागे बसवलं. मशीन आवाज हळूहळू वाढवत नेणारं होतं. कान सरावायला दोन-तीन तास लागतील, असं माहितीपत्रकात लिहिलेलं.

"काही वाटतंय?"

"गुदगुल्या!" अप्पा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

लाईव्ह संध्याकाळी होतं. तोवर खोलूभाऊने आपल्या फोनवर मशीनची सगळी बटणं दाबून पाहिली. एक होतं 'दूरचं ऐका'. फोन घरात कुठेही ठेवा, त्याच्या आसपासचं बोलणं थेट मशीनवाल्याच्या कानात! "लाईव्हमध्ये हे दाखवलं की लोक वेडे होतील!" असं म्हणत त्याने ते चालू केलं, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि आतल्या खोलीत स्टुडिओ आवरायला गेला. बटण बंद करायचं राहिलं ते राहिलंच.

स्टुडिओच्या कोपऱ्यात त्याचा पहिला कॉम्प्युटर होता. सुरू व्हायला वेळ लावायचा, सुरू झाला की खोकायचा, म्हणून नवराबायको त्याला 'म्हातारा' म्हणत.

"हा म्हातारा आता हलवायलाच पाहिजे," खोलूभाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला. "नुसती जागा अडवून बसलाय. काम शून्य, आणि दिवसभर घुं घुं घुं!"

"इतकी वर्षं सांभाळला, आता जिवावर येतं रे," बायको म्हणाली. "ताईकडे पाठवूया का?"

"ताई कुठे ठेवणार? माळ्यावर?"

"मग काय करायचं?"

"भंगारवाला आहे की! नाहीतर मीच खोलतो. आतले दोन-चार पार्ट अजून बरे असतील, काढून विकू. तू पाय धर, मी डोकं धरतो. आणि आधी वायर उपट!"

दोघांनी हुश्श हुश्श करत म्हातारा उचलला आणि गच्चीत नेऊन ठेवला.

इकडे बाहेरच्या खोलीत अप्पांच्या हातातला पेपर केव्हाच खाली पडला होता.

संध्याकाळी लाईव्ह सुरू झालं. हजारो लोक जमले. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ मानेने खुर्चीत बसले होते. खोलूभाऊने घशात थोडा कंप आणला. सकाळपासून बाथरूममध्ये त्याची तालीम झाली होती.

"अप्पा... माझा आवाज... ऐकू येतोय?"

अप्पा भिंतीकडे बघत राहिले.

"अप्पा?"

"मोठ्याने बोला! मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही!" अप्पा गरजले. मग कॅमेऱ्याकडे वळले. "आणि सगळ्यांनी नीट बघून घ्या! मी ठणठणीत आहे. माझे सगळे पार्ट जागच्या जागी आहेत. त्यातला एकही निघणार नाही!"

एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी हजारो लोकांसमोर बैठका मारायला सुरुवात केली!

प्रतिक्रियांचा पाऊस पडला. 'आजोबा एक नंबर!' 'हे मॉडेल कुठे मिळेल? लिंक द्या!' रुमाल हातात धरून उभा असलेला खोलूभाऊ पंचांनी अचानक बाद दिलेल्या खेळाडूसारखा इकडेतिकडे बघत होता. मग त्याचं पित्त खवळलं.

"मित्रांनो, खोलूभाऊ खोटं बोलत नाही! हे मशीन म्हणजे कानाला लावलेला शेंगदाणा आहे. शेंगदाणा तरी खाता येतो! अजिबात घेऊ नका!"

दुसऱ्या दिवशी शेंगदाणा घरोघरी पोचला. कंपनीच्या बाईंचा फोन आला. आवाज बर्फासारखा.

"आमची टेक्निशियन मशीन तपासायला येईल. मशीन खराब निघालं तर माफी आमची. चांगलं निघालं तर तुमची. लाईव्ह!"

"खुशाल पाठवा! आजवर माझं मत चुकलेलं नाही!" खोलूभाऊने फोन ठेवला, खिशात टाकला आणि भंगारवाल्याला बोलावून म्हाताऱ्याची बोळवण केली. "घेऊन जा रे बाबा, एकदाची ब्याद टळली!"

घरात मात्र भलतंच सुरू झालं होतं. अप्पा सगळ्यांच्या आधी उठून भांडी घासत. केर काढत. खिडक्यांच्या काचा इतक्या पुसल्या की एक कबूतर येऊन आपटलं!

"अप्पा, राहू द्या हो!" लेक ओरडली.

"का राहू द्या? मी काय जागा अडवून बसणाऱ्यातला आहे?"

तिला काळजी वाटायला लागली. नवऱ्याशेजारी बसून तिने थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, अप्पांचं काहीतरी बिनसलंय गं. चार दिवस तुझ्याकडे पाठवू का? जरा बदल होईल."

तासाभरात अप्पांची बॅग गायब! शोधून शोधून थकल्यावर ती वॉशिंग मशीनमध्ये सापडली. कुलूप लावलेली. आणि अप्पा सोफ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेले, जहाज बुडताना खलाशी डोलकाठी धरतो तसे. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "इथेच आणा!"

मग टेक्निशियन आली. बारीक अंगाची, हळू आवाजाची मुलगी. तिने अप्पांना नाव विचारलं, तब्येत विचारली. अप्पा ढिम्म. तिने खोलूभाऊचा फोन मागून घेतला आणि मशीनची माहिती उघडली.

"मशीन चालतंय, दादा. बॅटरी रोज संपतेय. आणि आवाज रोज कुणीतरी वाढवतंय."

"बघा! आपोआप वाढतोय! बिघाड आहे!"

"वाढवायचं बटण कानामागे आहे. बिघाड काही बोटाने बटण दाबत नाही."

खोलूभाऊचा चेहरा किंचित उतरला. मुलीने अप्पांकडे पाठ केली आणि बॅग आवरता आवरता अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. उपयोग नसेल तर मी मशीन परत घेऊन जाते."

थाड! अप्पांचे दोन्ही हात दोन्ही कानांवर!

लेक बघतेय, जावई बघतोय. अप्पांनाही आपले हात कुठे आहेत ते उशिराच कळलं.

"हो! येतं ऐकू!" ते एकदम फुटले. "सगळं येतं! मला ताईकडे पाठवणार होतात ना? माळ्यावर ठेवणार होतात! पार्ट काढून विकणार होतात! एकाने पाय धरायचे, एकाने डोकं! आणि वर म्हणे, एकदाची ब्याद टळली!"

"दादा," टेक्निशियन फोन पुढे करत पुटपुटली, "तुमचं 'दूरचं ऐका' चालू आहे. पहिल्या दिवसापासून."

खोलूभाऊच्या डोळ्यांपुढून ते सगळे दिवस भरधाव गेले. बाथरूममधल्या तालमीसकट! बायकोच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला, आणि ती हसत सुटली. हसता हसता खाली बसली.

"अप्पा, अहो, तो कॉम्प्युटर! जुना कॉम्प्युटर! त्याला आम्ही म्हातारा म्हणतो!"

"असं? मग दाखवा कुठे आहे तो!"

झाली का पंचाईत! पुरावा भंगारात गेलेला. खोलूभाऊ पायात चपला अडकवून धावत सुटला. एक चप्पल बायकोची होती.

"कुठला? तो म्हातारा?" भंगारवाला आरामात म्हणाला. "खोलला की!"

"खोलला? अरे, का?"

"का म्हणजे? तुमचे व्हिडिओ बघतो ना मी! चला, खोलूया!"

खोलूभाऊने उरलेला पत्र्याचा सांगाडा छातीशी धरून घरी आणला आणि धापा टाकत अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी चष्मा लावला. वाकून आत पाहिलं. आत काही म्हणजे काही नव्हतं.

"म्हणजे खरंच काढलेत!" ते हळूच म्हणाले.

कुणाला हसावं की नाही ते कळेना. अप्पांनी चष्मा पुसला. परत पुसला.

"मग विचारायचं तरी ना अप्पा, सरळ!" लेकीचा आवाज आता ओला झाला होता.

"विचारलं असतं तर तुम्ही कुजबुजायला लागला असता. मग मला कळलं कसं असतं, कधी हलवताय ते?" अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "आणि पोरी, इतकी वर्षं 'जेवण, औषध, दार' याशिवाय मला कुणी काही सांगितलंय का? एवढ्या वर्षांनी कान उघडले, आणि पहिलं कानावर पडलं ते हे. खरंच वाटणार ना!"

खोलूभाऊ सोफ्याजवळ जमिनीवर बसला, सांगाडा बाजूला सरकवला आणि अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अप्पांनी तो काढला नाही. टेक्निशियन नाक ओढत म्हणाली, "मी पाणी घेऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली.

माफीचं लाईव्ह पहिल्या लाईव्हपेक्षा जास्त लोकांनी पाहिलं. तोंडावर पडणारा माणूस बघायला गर्दी कधी कमी पडत नाही. खोलूभाऊने इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शेवटी मान खाली घातली आणि म्हणाला, "मी चुकलो."

हे शब्द त्याच्या तोंडाला इतके नवे होते की धड बाहेरच येईनात. प्रतिक्रियांची रांग लागली. 'आवाज येत नाही!' 'माईक तपासा!'

"मला आला!" बाजूच्या खुर्चीतून अप्पा ओरडले. "स्पष्ट आला! मशीन झकास आहे, बिनधास्त घ्या!"

असं सगळं गोड झालं. 'दूरचं ऐका' कायमचं बंद झालं. पण अप्पांचे कान आता असे तिखट झाले होते की आत चमचा पडला तर बाहेरून सांगत, "छोटा आहे, गॅसखाली गेलाय!" नवराबायकोचं साधं भांडण सुरू झालं की सोफ्यावरून निकाल यायचा, "चूक जावईबापूंची!" आणि घरातल्या प्रत्येक वाक्याला 'हे कुणाविषयी?' असं तळटिपेसारखं स्पष्टीकरण जोडावं लागायचं. "जुना झालाय, फेकून दे... टॉवेल, अप्पा, टॉवेल!"

शेवटी दोघांनी अक्कल चालवली. एका पलंगावर शेजारी शेजारी बसायचं आणि एकमेकांना मेसेज करायचे. भांडण, रुसवा, समेट, सगळं बोटांवर! घर कसं निवांत झालं. खोलूभाऊला तर वाटलं, यावर एक व्हिडिओ करावा.

एका सकाळी अप्पा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी कानांमागची मशीनं काढली, फुंकली, उलटीसुलटी करून पाहिली, पुन्हा लावली.

"जावईबापू, त्या मुलीला बोलवा. मशीन बिघडलंय."

"का? काय झालं?"

"किती दिवस झाले, घरात कुणाचा आवाजच येत नाही!"

खोलूभाऊने बायकोकडे पाहिलं. बायकोने नजर न उचलता फोनवर भराभर बोटं चालवली.

टिंग!

"हां, हे आलं बघा!" अप्पा खूश होऊन म्हणाले. "काय म्हणतेय ती?"