चांगल्या घरी पडलेला कुत्रा

एका जंगलात डांबरी रस्ता शिरला. पोरांनो, जंगल आधीचं, रस्ता मागनं आला. पण येणारेजाणारे म्हणतात, रस्त्याच्या कडेला जंगल लागतं. असो. ज्याची चाकं, त्याचं बोलणं.

तर त्या रस्त्यावर एक गाडी थांबली. दार उघडलं. आतनं एक कुत्रा उतरला. पांढराशुभ्र, गळ्यात लाल पट्टा. पाठोपाठ एका बाईचा हात बाहेर आला. हातात बिस्कीट. तिनं ते लांब झुडपात फेकलं आणि म्हणाली, "जा प्रिन्स, आण!"

प्रिन्स गेला. गुणी होता. बिस्कीट सापडलं तरी खाल्लं नाही. तोंडात धरून परत आणलं. बघतो तर रस्ता होता, गाडी नव्हती.

तो रस्त्याच्या मधोमध बसला. बिस्कीट तोंडात विरघळून गेलं तरी उठला नाही. मालकीण न्यायला येणार ना! पोरांनो, इमानी जनावराला अक्कल जरा कमीच असते. म्हणून तर माणसं त्याला पाळतात.

तेवढ्यात एक रानडुकरीण पिल्लांची रांग घेऊन रस्ता ओलांडायला आली. तिला सगळे आक्का म्हणायचे. अंगाला वास, तोंडात शिव्या. तिनं कुत्रा बघितला आणि वळणावरनं येणारा ट्रकही बघितला.

"ऊठ की मेल्या! मरायला दुसरी जागा नाही मिळाली?" असं म्हणून तिनं नाकाडानं असा धक्का दिला, की प्रिन्स कडेच्या चरात जाऊन पडला. ट्रक निघून गेला.

"मी मालकिणीची वाट बघतोय," प्रिन्स म्हणाला.

"बघ की. चिखलात बसून बघ. तिथनं पण रस्ता दिसतो."

आक्काचा चिखल करवंदीच्या जाळीमागं होता. तिनं त्याला खेकडे दिले, उकरलेले कंद दिले. आधी त्यानं नाक मुरडलं, मग खाल्लं. पिल्लांच्या ढिगात झोपला. पांढरा कुत्रा मातकट झाला. रोज गाडी वाजली की त्याचे कान उभे राहायचे. एक दिवस गाडी वाजली आणि कान उभे राहिले नाहीत. आक्कानं ते बघितलं. नुसता एक खेकडा त्याच्यापुढं सरकवला.

इथं गोष्ट संपायची. पण त्या जंगलात भली माणसं फार होती.

त्यातल्या मोठ्या म्हणजे वानरीणबाई. त्यांच्याकडं मोबाईल होता. सहलीला आलेल्या कुणाच्या तरी हातातनं हिसकलेला. तेव्हापासनं जंगलात कुणाचं दुःख म्हणून झाकून राहिलं नाही. त्यांनी झाडावरनं चिखलातला कुत्रा बघितला आणि छाती बडवली.

"अगं बाई! हे लेकरू कुठं येऊन पडलं! डुकरांत! याला वाचवलंच पाहिजे!"

"मी वाचलोय," प्रिन्स म्हणाला.

"ऐका! धसक्यानं भ्रम झालाय बिचाऱ्याला."

चार भल्यांनी मिळून त्याला ओढ्यावर नेला, घासला, पुसला, फोटोला उभा केला. पण आक्काच्या खेकड्यांनी पोट सुटलेलं. फोटोत करुणा काही उतरेना.

"पोट आत घे रे जरा," वानरीणबाई म्हणाल्या. "कान पाड. हां. आणि शेपटी हलवू नको, सगळं बिघडतं!"

तरी जमेना. मग ठरलं, वाचवायचं काम पुरं होईस्तोवर त्याला खायला घालायचं नाही. भरल्या पोटाच्या कुत्र्याला कोण वाचवतं? पळून परत चिखलात जाऊ नये म्हणून वेलीनं बांधूनही ठेवला. हळूहळू बरगड्या दिसायला लागल्या. फोटो झकास आला. सगळं जंगल तो बघून हळहळलं. हळहळून भूक लागली, तेव्हा सगळे जेवायला गेले.

आता त्याला चांगलं घर बघायचं. ते काम कोल्हेनानांकडं. जंगलातली सगळी लग्नं नानांनीच जमवलेली. टिकली किती ते विचारू नका. नाना जमवायचे, टिकवायचं ज्याचं त्यानं.

नानांनी सशाचं बीळ बघितलं. माणसं गरीब स्वभावाची, पण बीळ आखूड. उदमांजराकडं गेले. मनानं चांगलं, पण भिंतीला ओल. मग आक्काच स्वतःहून आली.

"नाना, पोरगं माझ्याकडं बरं होतं की."

"तुझ्याकडं घर कुठाय, आक्का? खड्डा आहे."

"खड्ड्यात ऊब असते."

"ऊब काय चार लोकांत सांगता येते होय?"

आणि मग नानांना घर सापडलं. बिबटेरावांची गुहा! पूर्वेला तोंड, वारा खेळता, पुढं अंगण, अंगणात पाण्याचं टाकं. बिबटेराव एकटेच. सासू नाही, दीर नाही, कटकट नाही. दारातल्या झुडपावर कुत्र्यांचे पट्टे लटकत होते. निळे, काळे, एक घुंगराचा. नानांनी पट्टे बघितले. नानांना कळलं. कोल्ह्याला नाही कळणार तर कुणाला?

"हौशी दिसताय," नाना म्हणाले.

"आहे आवड," बिबटेराव म्हणाले.

नानांनी परत येऊन सभेत सांगितलं, "घर एक नंबर!"

"अरे, तो कुत्री खातो!" आक्का ओरडली.

सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. माहीत कुणाला नव्हतं? पण चारचौघांत असं बोलतात का कुणी?

वानरीणबाईंनी समजूत घातली. "आक्का, धुतल्या तांदळासारखं कोण आहे गं? प्रत्येकात काहीतरी असतंच."

"तरुणपणी सगळेच खातात," नाना म्हणाले. "अंगावर जबाबदारी पडली की सुधारतात. आणि थोडं कुत्र्यानंही जमवून घ्यावं की. त्यांच्या जेवायच्या वेळेला समोर जाऊ नये."

"मला विचारा ना," प्रिन्स म्हणाला.

सगळे मायेनं हसले. "तुला काय कळतंय, बाळा? तुझं भलं आम्हाला कळतं."

पाठवणी थाटात झाली. प्रिन्सच्या गळ्यात पळसफुलांचा हार, कपाळाला कुंकू. वाटेत उंबराखाली पंगत बसली. प्रिन्सला वाढलं नाही. शेवटचा फोटो राहिला होता ना!

गुहेच्या दारात बिबटेराव मिशा पुसत उभे होते. "या. आपलंच घर समजा."

वानरीणबाईंनी एका हातानं डोळे पुसले, दुसऱ्या हातानं फोटो काढला. म्हणाल्या, "दिल्या घरी सुखी राहा. आणि रडत परत येऊ नको बाळ, आमची मान खाली जाईल."

मग सगळे माघारी निघाले. पावलं जरा जास्तच भरभर पडत होती. मागनं काही ऐकू आलं, तर वळून बघावं लागलं असतं.

प्रिन्स पळाला नाही. त्याला वाटलं, इथं बसवलंय म्हणजे कुणीतरी न्यायला येणार. तो दारातच बसून राहिला. बिबटेरावांनी पोट जमिनीला लावलं. शेपटीचं टोक हलायला लागलं.

आणि पोरांनो, या खेपेला न्यायला कुणीतरी आलं.

"ऊठ की मेल्या! मरायला दुसरी जागा नाही मिळाली?"

आक्का धोंड्यासारखी गडगडत आली आणि तिनं बिबटेरावांच्या बरगडीत मुसंडी मारली. प्रिन्स उठला. उठला आणि जन्मात पहिल्यांदा असा भुंकला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हार तुटला, फुलं उडाली. बिबटेराव सरळ झाडावर. चिडलेल्या डुकरिणीपुढं झाडावर चढण्यात लाज नसते. आक्का आणि प्रिन्स तिथनं निघाली आणि चिखलात जाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी जंगलात गहजब. डुकरिणीनं भरलं घर मोडलं! कुत्रा नमकहराम निघाला! नमक कुणी घातलं होतं, ते कुणी विचारलं नाही. उलट बिबटेरावांची सगळ्यांना दया आली. एवढं मोठं घर, आणि रिकामं!

सभेत आक्काला उभं केलं. वानरीणबाई म्हणाल्या, "उद्या कोण कुणाचं भलं करील सांग बरं?"

आक्का म्हणाली, "चुकलं माझं. पण घर अजून तिथंच आहे. पूर्वेला तोंड, अंगणात टाकं. वानरीणबाई, तुमची थोरली पाठवा की तिथं."

वानरीणबाई दोन उड्यांत शेंड्यावर. तिथनं म्हणाल्या, "आमची अजून शिकतेय!"

प्रिन्सचा लाल पट्टा चिखलात कुजून गळून पडला. नावही गेलं. आता 'मेल्या' म्हटलं की येतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही, पोट फार दिसतं. वानरीणबाईंच्या मोबाईलमध्ये मात्र तो अजून हार घालून गुहेच्या दारात उभा आहे. लोक बघतात आणि म्हणतात, "पोरानं नशीब काढलं हो! कसा चांगल्या घरी पडला!"

तात्पर्य : मुक्या जिवाला घर बघताना घरच बघावं, आत कोण बसलंय ते बघू नये. नाहीतर चांगली घरं ओस पडतील, आणि भल्या माणसांनी पंगतीला जायचं कुठं? एवढं करून कुणी खरं बोललंच, तर आधी त्याच्या अंगाला वास येतो म्हणून सांगावं.