अर्धा किलो जास्त

माझे धाकटे दीर रंगनाथ रविवारी साडेचारला खेळात मेले, म्हणून त्यांना घरी जाता येईना.

गच्चीवर दर रविवारी आमचा खेळ असतो. कागदावर गुहा काढलेली, बटणांचे वीर, एक फासा. राक्षस मी चालवते, कारण नियम माझ्या ध्यानात राहतात. त्या दिवशी राक्षसानं भाऊजींचं बटण गिळलं आणि भाऊजी खुर्चीतच विटायला लागले, सारखा धुतलेला शर्ट विटतो तसे. सहाला गुहेचं दार पडतं. त्याआधी साथीदारानं मेलेल्याला उचलून जिना उतरायचा, घराचा उंबरा ओलांडायचा. नाही जमलं तर माणूस पुरता विटून जातो, खुर्ची तेवढी राहते.

उचलणार त्यांची बायको शेवंता. खेळात प्रत्येकाचं एक पान असतं; तिच्या पानावर ताकद लिहिलेली, साठ किलो.

शिवाय जादाचे नियम. ते घ्यायलाच हवेत असं नाही, खेळाला रंगत यावी म्हणून सगळ्यांच्या होकारानं घ्यायचे. गेल्या श्रावणात शेवंतानंच हट्टानं एक घेतला होता: मनात धरलेल्या रुसव्याला वजन, एकेकाला अर्धा किलो.

तिचे पाच, म्हणजे अडीच. भाऊजी पानावर साडेसत्तावन्न. बरोबर साठ.

शेजारच्या मौलाभाईंनी भाऊजींना सूत मोजायच्या काट्यावर बसवलं. काटा अठ्ठावन्नावर थांबला.

"खिसे बघा," मौलाभाई म्हणाले. खिसे रिकामे.

"शेवंतावहिनी, तुमचा एक रुसवा सोडा की. आमटीचा सोडा."

"पाहुण्यांसमोर पाणचट म्हणाले होते," शेवंता म्हणाली. "एकही सोडणार नाही."

सहाला बारा मिनिटं होती. भाऊजींच्या छातीतून पाठीमागची पाण्याची टाकी दिसायला लागली होती.

मी म्हटलं, "भाऊजी, हा अर्धा किलो तुमचा आहे. कुणावर रुसलाय?"

"मी? मी कधी कुणावर रुसतो का, वहिनी?"

"काटा बघा."

आठ मिनिटं उरली. शेवंतानं पदर खोचला. "अहो, बोला ना! टाकी पुरती दिसतेय!"

"अंतरपाट दूर झाला तेव्हा तू हसलीस," भाऊजी म्हणाले. "माझ्या फेट्याला. सगळ्या मांडवात."

"फेटा नाकावर आला होता तुमच्या. गोड दिसत होतात, म्हणून हसले."

"गोड?"

काटा साडेसत्तावन्नावर आला. शेवंतानं त्यांना पाठुंगळी घेतलं. बावीस पायऱ्या. मी पुढं, मौलाभाई मागं घड्याळ बघत. एकवीस पायऱ्या नीट गेल्या.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. "चोवीस वर्षं मनात ठेवलंत? मला एकदा विचारलं नाहीत?"

"शेवंते, आत्ता नको!" मी ओरडले.

पण सहावा रुसवा झाला होता. तिचा गुडघा वाकला. उंबरा एका पावलावर, आणि मौलाभाई म्हणाले, "एक मिनिट उरलं."

ती हलेना. ओठ दाबून तिनं मनातले सगळे चाचपले. मग वाकून एक पायरीवर ठेवला आणि उंबरा ओलांडला.

भाऊजींनी आत जाऊन आधी पाणी मागितलं.

आमटीचा तो रुसवा अजून शेवटच्या पायरीवरच आहे. झाडताना मी त्याच्या कडेनं झाडते.