वाणात गेलेली मापं

“हात आखडू नको रे, बाबू! पाहुण्याचा पेला कसा, विहिरीवानी भरलेला पाह्यजे!”

चांदूर बाजार गावातल्या घराच्या अंगणात लिंबाचं सरबत ओतणाऱ्या आठ वर्षांच्या नितेशला आईचा, कौशल्याबाईंचा, हा आवाज ऐकू आला होता. त्याला तीस वर्षं झाली. आता नितेश अमरावतीत, राहत्या घराच्या खाली, ‘गारवा’ नावाचा सहा टेबलांचा कॉकटेल बार चालवत होता आणि हात भलताच आखडत होता. संत्र्याच्या रसातलं, आल्याचा ठसका दिलेलं त्याचं ‘मृगबहार’ गल्लीचं लाडकं. पण दारू तीस मिली म्हणजे तीस. एकतिसावा थेंब तो बाटलीच्या तोंडावरून बोटाने परत आत ढकलायचा.

आईला मात्र त्याने सरबताचं दुकान म्हणून सांगितलं होतं. संक्रांतीला ती राहायला आली आणि म्हणाली, “वरतं बाया मावत नाहीत. हळदीकुंकू खालीच करू, तुह्या दुकानात.”

नितेशने बाटल्यांच्या फळीवर बायकोचा, प्राजक्ताचा, लग्नातला शालू टाकला आणि दुपारभर घराबाहेर राहिला. पाचला परतला तर बाया गेल्या होत्या, तिळगुळाचा वास दरवळत होता आणि दारू मोजायच्या मापांचा खोका रिकामा होता. स्टीलची, डमरूसारखी, स्वस्त पडतात म्हणून घाऊक घेतलेली दोन डझन मापं!

“माय, मापं कुठी गेले?”

“वाणात लुटले. नाजूक होते, बायाईले लय आवडले.”

“सगळे?”

“मोजून चोवीस बाया आल्या. देवाचीच करनी.”

सातला गिऱ्हाईक येणार होतं. नितेश धावतच शेजारच्या रागिणीवहिनींकडे गेला. माप देवघरात होतं, हळद भरून.

“वहिनी, ते वाण जरा वापस देता काय?”

“वाण वापस मागते काय कोनी? सवाष्णीले?” वहिनी उखडल्या. “अन् खालच्या वाटीत कुंकू भरतो म्हटलं, तर वरची हळद सांडते. हाये तरी काय हे?”

“खोकल्याच्या औषधाचं माप.”

इतक्यात त्यांचे यजमान किशोरभाऊ, ‘गारवा’चं रोजचं गिऱ्हाईक, दिवा लावायला आले. देवापुढे ते माप पाहून त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांनी नितेशकडे पाहिलं, नितेशने त्यांच्याकडे. मग किशोरभाऊंना जोराचा खोकला आला.

“पाह्यलं?” वहिनी म्हणाल्या. “घरातच लागते ते. जा आता.”

सातला सहाही टेबलं भरली. दिव्यांचा पिवळा उजेड संत्र्याच्या फोडींसारखा भिंतीवर सांडला, बर्फ किणकिणला आणि नितेश अंदाजाने ओतू लागला. कमी पडलं तर गिऱ्हाईक तुटेल, या भीतीने हात सैल सुटला. बडनेऱ्याचे रिटायर रेल्वे गार्ड शेषराव एरवी एकच पेला घेऊन कुरकुरत बसायचे. आज दुसऱ्याच घोटाला त्यांनी वर पाहिलं.

“काहून गा नितेश, तब्येत बरी हाये नं तुही?”

दुसऱ्या पेल्याला ते उभे राहिले, पुदिन्याची काडी हिरव्या झेंडीसारखी हलवली आणि तोंडाने शिटी मारली. खुर्च्या एकामागे एक लागल्या. किशोरभाऊ इंजिन झाले.

“अकोल्याले कोन कोन उतरनार?” शेषराव ओरडले. सगळेच उतरणार होते.

गाडी वाटेतल्या मूर्तिजापूरपर्यंत पोचते न पोचते, तोच जिन्यावरून कौशल्याबाई उतरल्या. गाडी थांबली. इंजिनाने पेला पाठीमागे लपवला.

“सरबत पिऊन राहिले, आई,” गल्ल्यावर बसलेली प्राजक्ता घाईने म्हणाली.

नितेशला ते सहन होईना. “नाही माय. सरबताचं दुकान नाही हे. बार आहे.”

कौशल्याबाईंनी एकेका टेबलावरचा काठोकाठ पेला निरखला. चेहरा निवळला.

“माईत हाये. आली त्याच दिवशी चाखलं म्या तुहं मृगबहार. रस झकास, पन दारू निरी वासापुरती. लाज वाटली रे, बाबू. म्हनून त लुटले मापं.”